तीन जणांनी तीन थेरप्या सांगितल्या, आता जाऊ कोणाकडे?

मागच्या अंकात झोपेवर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी घाबरण्यावर. त्यातलं एक मोठं पत्र थोडं कापून छापते, दोन छोटे प्रश्न शेवटी घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३६ वर्षांची, नागपुरात मनीषनगरला राहते, नोकरी बर्डीवर, अकाउंट्सचं काम. फेब्रुवारीत सकाळी मेट्रोनं जात होती, अजनी चौक सोडला आणि एकदम छातीत धडधड, हातपाय गार, बोटांना मुंग्या, श्वासच पुरेना, वाटलं झालं आता, संपली मी. पुढच्या स्टेशनवर उतरली, एका काकूंनी पाणी पाजलं, मिस्टर आले आणि सरळ हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, शुगर, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि बिल असं दिलं की नसलेलं टेन्शन यावं. त्यानंतर सहा वेळा झालं, एकदा तर भाजी चिरता चिरता. आता मेट्रो बंद, मिस्टर गाडीनं सोडून देतात, लिफ्टही टाळते, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि कोरोनातलं ते बोटाला लावायचं मशीन घेऊन फिरून राहिली. सायकॅट्रिस्टनी पॅनिक डिसऑर्डर सांगितलं, एक गोळी सुरू केली, सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, करा म्हणाले. नणंद दोन वर्षांपासून एका मॅडमकडे जाते, तिथं लहानपणापासूनचं सगळं बोलायचं असतं, ती म्हणते सीबीटी म्हणजे वरवरची मलमपट्टी, मूळ तसंच राहते. सासरे म्हणतात काही थेरपी-बिरपी नको, सकाळी शवासन आणि दीर्घ श्वास, महिनाभरात बरी होशील. तिघंही माझ्या भल्याचंच सांगतात. पण पैसे आणि सुट्ट्या दोन्ही मोजके आहेत, तीनही करून पाहता येणार नाही. यातलं खरं काम कोणतं करते?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सुरुवात सीबीटीपासून करा, तुमच्या सायकॅट्रिस्टनी बरोबर सांगितलं. पण नणंदेचं पूर्ण चूक नाही, सासऱ्यांचंही पूर्ण चूक नाही, आणि दारावर ‘सीबीटी’ लिहिलं म्हणजे आत सीबीटीच चालते असंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे पाहू की त्या दिवशी मेट्रोत नेमकं काय झालं. पॅनिक डिसऑर्डर हे नाव तसं नवंच आहे, अमेरिकन सायकॅट्रिस्टांच्या अधिकृत यादीत ते १९८० साली आलं, त्याआधी याच त्रासाला नाना नावं होती, आपल्याकडे तर ‘जीव घाबरा होते’ म्हटलं की सगळ्यांना समजते. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट मांडली आणि आजची सीबीटी बरीचशी तिच्यावर उभी आहे. शरीरात काहीतरी बारीकसं होते, म्हणजे समजा तुम्ही घाईत जिना चढलात, सकाळी चहाशिवाय पोटात काही नाही, डब्यात गर्दी, तर ठोके थोडे वाढले. हे रोज होत असते. त्या दिवशी मनानं त्याचा अर्थ लावला ‘हार्ट अटॅक’. तो अर्थ लागला की भीती, भीतीनं अ‍ॅड्रेनलिन, त्यानं ठोके आणखी वाढले, श्वास भराभर झाला, भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, त्यानं बोटांना मुंग्या आणि डोकं हलकं, आणि ते पाहून मन म्हणते पाहा, मी म्हटलंच होतं. हे चक्र फिरत फिरत साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते. तुम्ही तेवढ्यात उतरलात, पाणी प्यायलात, मिस्टरांना फोन केला, म्हणून मनानं नोंद काय केली, तर उतरली म्हणून वाचली. खरं म्हणजे तुम्ही डब्यातच बसून राहिल्या असत्या तरी थोड्या वेळानं ते आपोआप उतरणीला लागलं असतं.

बहुतेकांना भीती असते चक्कर येऊन पडण्याची. पॅनिकमध्ये बीपी उलट वाढते, त्यामुळे बेशुद्ध होणं फार क्वचित. (रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथं बीपी पडते.)

आता तुलना. मी स्वतः सीबीटी करणारी असल्यामुळे माझं मत एकतर्फी असू शकते, म्हणून आकडे सांगते. २०१६ साली कोक्रेन या संस्थेनं पॅनिकवरच्या बोलण्याच्या उपचारांचे ६० अभ्यास पाहिले, त्यातल्या ५४ चे आकडे एकत्र केले, ३०२१ पेशंट. निकाल काय, तर सगळ्यांवर भारी अशी एकच थेरपी छातीठोकपणे सांगावी असा दर्जेदार पुरावा नाही. सगळ्यात जास्त अभ्यास सीबीटीवर झाले, ती थोडी पुढे निघाली, पण फरक बऱ्याचदा लहान. नणंदेकडची जी आहे, सायकोडायनॅमिक म्हणतात तिला, तिच्याबद्दल अभ्यास कमी पण दिसलेलं चित्र आशेचं. म्हणजे नणंदबाईंना अगदीच गप्प बसवायची गरज नाही.

मला विचाराल तर थेरपीच्या नावापेक्षा दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे, की त्या खोलीत तुम्हाला करायला काय लावतात. २०१८ मध्ये त्याच अभ्यासातल्या काही संशोधकांनी सीबीटीचे सुटे भाग करून पाहिले, ७२ अभ्यास घेतले, कोणता भाग असला की पेशंट जास्त बरे होतात ते मोजलं. दोन गोष्टी वर आल्या. एक, समोरासमोर बसून केलेली थेरपी. दुसरी, ज्या शारीरिक जाणिवांची भीती वाटते त्या मुद्दाम, ठरवून अंगात आणायच्या. याला इंटरोसेप्टिव्ह एक्स्पोजर म्हणतात, पण नाव विसरा, मी तुम्हाला माझ्या खोलीतलं सांगते.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये माझ्याकडे फ्रूटीच्या डब्याच्या बारीक स्ट्रॉ ठेवलेल्या असतात. पेशंटला एक स्ट्रॉ दिली, नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त त्या स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. तीस सेकंदांत डोळे मोठे होतात, हात स्ट्रॉ काढायला उठतो. मी घड्याळ पाहत असते आणि विचारते, किती भीती, शंभरापैकी? कोणी ऐंशी म्हणते. मिनिट संपलं, बसायचं, पाणी मागायचं नाही, नाडी पाहायची नाही, नुसतं लक्ष ठेवायचं की काय होते. होते काय, दोन-तीन मिनिटांत सगळं आपोआप खाली येते. परत तेच. पाचव्या-सहाव्या वेळेला तीच बाई म्हणते ताई आता बोअर होऊन राहिलं. हाच शब्द मला ऐकायचा असतो. मग फिरत्या खुर्चीत गरगर, मग एक मिनिट जोरजोरात श्वास, मग आमच्या बिल्डिंगचे तीन मजले पळत चढणं, आणि मे महिन्यात तर काही करावंच लागत नाही, दुपारी दोन वाजता एसटी स्टँडवर पंधरा मिनिटं उभं राहिलं की पॅनिकच्या तेरापैकी चार लक्षणं कोणत्याही नागपूरकराला येतात. एक अट मात्र पक्की. हार्टचा आजार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही, आणि पहिल्यांदा घरी एकटीनं यूट्यूब पाहून तर नाहीच.

तुमच्या केसमध्ये पुढचा भाग मेट्रोचा. पहिल्या दिवशी नुसतं जयप्रकाशनगर स्टेशनवर जाऊन प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं उभं राहायचं, गाड्या जाऊ द्यायच्या. मग एक स्टेशन, छत्रपती चौकापर्यंत, मिस्टर सोबत. मग तेच एकटीनं. मग अजनी चौक, मग रहाटे कॉलनी (तिथं हटकून जीव खाली-वर होणार, ते अपेक्षितच आहे), मग बर्डी, आणि शेवटी बर्डीला गाडी बदलून लोकमान्यनगरपर्यंत, ऐन गर्दीच्या वेळेला. नियम एकच, भीती चढलेली असताना उतरायचं नाही, ती उतरायला लागली की मग तुम्ही उतरा. आणि हळूहळू ती बाटली आणि ते बोटाचं मशीन घरी ठेवायचं. हे कडू वाटेल, पण त्या मशीननं तुमचा आजार पोसला जातोय, कारण प्रत्येक वेळी ९८ पाहून तुम्ही मनाला शिकवता की मशीन होतं म्हणून निभावलं.

एवढं सगळं किती दिवस? इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये पॅनिकसाठी सीबीटी एकूण ७ ते १४ तास सांगितली आहे, आठवड्याला एक याप्रमाणे, चार महिन्यांच्या आत आटोपायची. तुमच्या सुट्ट्या मोजक्या आहेत म्हणता, तर हा हिशेब तुमच्या बाजूचा आहे.

आता नणंद. त्या जातात ती पद्धत वेगळी, तिथं प्रश्न असा असतो की हा अटॅक याच वेळी का आला, कोणत्या रागावर, कोणत्या दुराव्यावर, कोणाला न सांगितलेल्या गोष्टीवर तो बसलाय. पॅनिकसाठी या थेरपीचा एक खास आखीव प्रकार अमेरिकेत बार्बरा मिलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो अमर्याद चालणारा नाही, आठवड्यातून दोनदा, २४ सेशन. २००७ साली त्यांनी ४९ पेशंटवर तो रिलॅक्सेशनच्या, म्हणजे स्नायू सैल सोडायला शिकवण्याच्या, तुलनेत तपासला, मिलरॉडांच्या थेरपीनं ७३ टक्क्यांना चांगला फरक पडला, रिलॅक्सेशनमध्ये ३९ टक्क्यांना. हे वाचून मीसुद्धा तेव्हा चपापले होते, कारण आमच्या शिक्षणात हे शिकवलंच नव्हतं. मग २०१६ मध्ये त्यांनीच मोठा अभ्यास केला, २०१ पेशंट, दोन शहरं, तीन थेरप्या. एका शहरात तिन्ही जवळपास सारख्या निघाल्या, दुसऱ्या शहरात सीबीटी आणि रिलॅक्सेशन पुढे, सायकोडायनॅमिक मागे. एकाच आराखड्याची थेरपी दोन शहरांत वेगळी वागली, यावरून माझा अंदाज असा की देणारा कोण आणि किती तयारीचा यानं बराच फरक पडतो. ‘सीबीटी म्हणजे मलमपट्टी’ हे मात्र मला पटत नाही. २००० साली अमेरिकेत ३१२ पेशंटचा मोठा अभ्यास झाला होता, सीबीटी, इमिप्रामिन नावाची गोळी, दोन्ही एकत्र, असे गट. उपचार सुरू होते तोवर सगळेच ठीक, पण सगळं बंद करून सहा महिन्यांनी पाहिलं तर नुसती सीबीटी घेतलेले जास्त टिकले, गोळीवाले आणि गोळी-अधिक-सीबीटीवाले जास्त घसरले. मलमपट्टी काढल्यावर जखम उघडी पडायला हवी होती, तसं झालं नाही.

(यावरून तुमची गोळी आज बंद करू नका. ती गोळी कोणती, किती दिवस, कशी कमी करायची हे फक्त तुमचे सायकॅट्रिस्ट ठरवतील. थेरपी करणाऱ्यालाही गोळीचं नाव पहिल्याच भेटीत सांगा.)

त्या मॅडमकडे नणंदेला बरं वाटत असेल तर त्यांना जाऊ द्या, त्यांचा त्रास कदाचित वेगळा असेल. सीबीटी करून अटॅक थांबले आणि तरी आत काहीतरी खुपतच राहिलं, किंवा सीबीटीची ती स्ट्रॉ आणि मेट्रो तुम्हाला काही केल्या झेपलीच नाही, तर तो दरवाजा तुमच्यासाठी उघडा आहेच, फक्त जाताना विचारा की पॅनिकवर लक्ष ठेवून ठराविक सेशनचं काम कराल का.

उरले सासरे. त्यांच्याशी भांडू नका, शवासनानं नुकसान नाही. पण त्या एका शहरात रिलॅक्सेशन पुढे निघालं असलं तरी, सुटे भाग करून पाहिलेल्या त्या ७२ अभ्यासांत स्नायू सैल सोडण्याचा परिणाम कमीच दिसला, आणि श्वास शिकवल्यानं लोक थेरपी अर्धवट सोडत नाहीत एवढा फायदा झाला, आजार हटण्यात त्याचा वाटा लहान. कारण समजायला सोपं आहे. भीती वाटली की दीर्घ श्वास, असं केलं तर तो श्वासही दुसरी पाण्याची बाटलीच होतो. सकाळी उठून सासऱ्यांसोबत करा, मनापासून करा, मेट्रोत मात्र करू नका.

---

प्रश्न : बायकोला असे अटॅक येतात. आले की मी तिचा हात धरतो, ‘काही होत नाही, मी आहे ना’ म्हणतो, कधी डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी देतो. पंधरा मिनिटांत ठीक होते. पण आता मी दौऱ्यावर गेलो की जास्त येतात. माझं काही चुकून राहिलं का भाऊ?
— महाल

उत्तर : भाऊ नाही, ताई आहे, पण चालते.

चुकलं असं नाही, कोणीही हेच करेल. फक्त हिशेब असा पाहा की पंधरा मिनिटांत ते तसंही उतरणार होतं, श्रेय मात्र दर वेळी तुम्हाला आणि त्या अर्ध्या गोळीला मिळालं, म्हणून तुम्ही वर्ध्याला गेलात की तिला वाटते आता कोण वाचवणार. अल्प्राझोलमची तर सवयही लागते, नाइसच्या गाइडलाइनमध्ये पॅनिक डिसऑर्डरसाठी या जातीच्या गोळ्या देऊच नयेत असं आहे. पण ती रोज घेत असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू उतरवावी लागते.

तुम्ही काय करायचं? तिच्याशी ती बरी असताना बोलून ठरवा. अटॅक आला की तुम्ही खोलीतच राहाल, हात धरणार नाही, ‘काही होत नाही’ऐवजी विचाराल ‘आत्ता शंभरापैकी किती?’ आणि दोन मिनिटांनी परत विचाराल. आकडा खाली येताना तिचा तिलाच दिसू द्या. पहिल्यांदा ती चिडेल. आधी न सांगता हे करू नका, नाहीतर नवरा दगड झाला म्हणून माहेरी फोन जाईल, माझ्याकडे अशी एक जोडी आली होती. आणि छातीत दुखणं चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, वय जास्त असेल, तर आकडे विचारत बसू नका, आधी ईसीजी.

---

प्रश्न : थेरपिस्ट खरा की खोटा कसं ओळखायचं? आमच्या एरियात दर दोन दुकानांआड काउन्सेलर झाले आहेत. फीसुद्धा परवडत नाही.
— हिंगणा रोड

उत्तर : काउन्सेलर हा शब्द आपल्याकडे कोणीही लावू शकते, आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे रजिस्टर असावा लागतो, नंबर असतो, विचारा, खऱ्या माणसाला राग येत नाही. मग फोनवरच दोन प्रश्न विचारा, पॅनिकचे पेशंट घेता का, आणि सेशनमध्ये ती लक्षणं मुद्दाम आणून सराव करवता का. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही नाही, आम्ही पेशंटला अजिबात घाबरवत नाही, फक्त पॉझिटिव्ह विचार करायला शिकवतो’ असं गोड उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

पैशाचं म्हणाल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयातही आहे, आणि तिथं गेलं की लोक वेडा म्हणतील ही भीती असेल तर ओपीडीच्या लाइनीत एकदा उभे राहून पाहा, तुमच्यासारखेच बँकेतले, कॉलेजातले, दुकानातले लोक असतात. लाइन मोठी असते हे खरं, सकाळी लवकर जा, डबा न्या. रात्री-बेरात्री नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येते. फोनवर पूर्ण थेरपी होणार नाही, पण तुमच्या भागात कुठं जायचं ते सांगतात. ओपीडीत डॉक्टरांना एवढंच म्हणा, मला गोळीसोबत सीबीटीसुद्धा पाहिजे, इथं सायकॉलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात? चिठ्ठीवर लिहून घ्या.